बॅटरी गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

या वेळचं पत्र एका ताईंचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

«माझी इलेक्ट्रिक कार ७ वर्षं १० महिन्यांची आहे, ९२,००० किलोमीटर चाललेली. तीन वर्षांपूर्वी मी ती सेकंड हँड घेतली. नवी असताना पूर्ण चार्जवर २४० किलोमीटर जायची, असं आधीचे मालक सांगायचे. आता १७० जाते. माझं रोजचं जाणं-येणं ४५ किलोमीटरचं. गेल्या महिन्यात घरी येताना चार्ज २२ टक्के दिसत होता. चढ लागला आणि एकदम ६ टक्के झाला, स्क्रीनवर कासवाचं चिन्ह आलं, गाडी रांगायला लागली. मागे ट्रकची रांग लागली होती, मी घामाने भिजले. सर्व्हिस सेंटरने दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि ‘बॅटरी गेली, पूर्ण पॅक बदलावा लागेल’ म्हणून इस्टिमेट दिलं. गाडी आज विकली तर जेवढे पैसे येतील त्यापेक्षा तो आकडा मोठा आहे. वॉरंटीचं विचारलं तर काउंटरवरच सांगितलं, ‘तुम्ही दुसऱ्या मालक, तुम्हाला लागू नाही.’ नवरा म्हणतो भंगारात देऊन टाक. मुलगा म्हणतो कर्ज काढ, नवी बॅटरी म्हणजे नवी गाडी. मी काय करू?»

ताई,

तुमच्या पत्रात इस्टिमेटचा आकडा दोनदा अधोरेखित केलेला आहे. त्यावरूनच कळलं की गेले काही दिवस तुमच्या डोक्यात दुसरं काही नाही. म्हणून आधी एवढंच सांगते, त्या इस्टिमेटवर सही करू नका आणि गाडी भंगारातही देऊ नका. या दोन्ही गोष्टींना भरपूर वेळ आहे. घाई आहे ती एका तिसऱ्याच कामाची, आणि ते आजच्या आज व्हायला हवं.

गाडीला ८ वर्षं पूर्ण व्हायला तुमच्याकडे जेमतेम दोन महिने आहेत. बहुतेक कंपन्या मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल तोवर वॉरंटी देतात. किलोमीटरच्या हिशेबाने तुम्ही आरामात आत आहात. तारखेच्या हिशेबाने काठावर आहात. आणि ही तारीख सहसा पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या दिवसापासून मोजतात, त्यामुळे कागद काढून ती नक्की बघा. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, सर्व्हिस सेंटरला त्याची प्रत ठेवा. मजकूर चार ओळींचा पुरे: चॅसिस नंबर, आजचं किलोमीटर वाचन, कोणत्या तारखेला काय झालं, आणि ‘मी बॅटरीचा वॉरंटी क्लेम नोंदवत आहे, कृपया क्लेम नंबर द्यावा.’ इस्टिमेटचा फोटो जोडा. कासवाच्या चिन्हाचा फोटो त्या वेळी काढला असेल तर तोही. मुदत संपायच्या आत तक्रार लेखी नोंदवलेली असली, तर पुढची तपासणी महिनाभर रखडली तरी तुमची बाजू भक्कम राहते.

‘दुसऱ्या मालकाला लागू नाही’ हे खरं असेलही. पण काउंटरवरच्या माणसाच्या तोंडून ऐकून ते मान्य करू नका. बऱ्याच कंपन्यांची बॅटरीची वॉरंटी गाडीबरोबर चालते, मालक बदलला तरी ती गाडीसोबत जाते. काही कंपन्या मात्र पहिल्या मालकाला जास्त आणि पुढच्याला कमी देतात. तुमच्या गाडीचं काय, ते वॉरंटीच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. पुस्तिका सापडत नसेल तर कंपनीकडून मागवा. नाही म्हणायचंच असेल तर कोणत्या कलमाखाली नाही, हे लिहून मागा. नुसतं लिहून मागितल्यावर ‘नाही’चं ‘बघतो’ झालेलं मी अनेकदा पाहिलंय.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ‘बॅटरी गेली’ हे निदान होत नाही. डॉक्टरने ‘तब्येत गेली’ म्हणावं तसं ते आहे. तुम्ही पत्रात दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या आहेत आणि मला वाटतं सर्व्हिस सेंटरने त्या दोन्ही एकाच शब्दात गुंडाळल्या. एक म्हणजे २४० चे १७० किलोमीटर होणं. हे आठ वर्षांत हळूहळू झालंय, हे वय आहे. लिथियम-आयनच्या सेलमध्ये प्रत्येक वर्षी, प्रत्येक चार्जला थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं आणि धारणक्षमता कमी होते. उष्णता आणि सतत १०० टक्क्यांवर भरून ठेवणं यामुळे ते लवकर होतं. हे सगळ्यांच्याच गाडीत होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चढावर २२ चे ६ होणं. हे नुसत्या वयाने सहसा होत नाही. म्हातारी झालेली बॅटरी हळूहळू, समजुतीने संपत जाते. अशी मध्येच पायरी चुकल्यासारखी पडली, तर आत कुठेतरी एखादा सेल किंवा एखादं मॉड्यूल इतरांच्या बरंच मागे पडलेलं असण्याची दाट शक्यता असते.

हे नीट कळायला पॅक आतून कसा असतो ते बघावं लागेल. सेल, सेलांचं मॉड्यूल आणि मॉड्यूलांचा पॅक, अशी साधारण रचना. उदाहरणार्थ, निसान लीफ ही २०१० साली आलेली गाडी घ्या. तिच्या पहिल्या २४ किलोवॅट-अवरच्या पॅकमध्ये १९२ सेल होते, चार-चार सेलांची ४८ मॉड्यूलं. दोन-दोन सेलांच्या ९६ जोड्या एकामागे एक, सिरीजमध्ये जोडलेल्या. सिरीजमध्ये सगळ्यांतून सारखाच करंट वाहतो. चढावर गाडी जास्त करंट मागते तेव्हा प्रत्येक जोडीचा व्होल्टेज थोडा उतरतो, पण कमजोर जोडीचा खूपच उतरतो. बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, हे प्रत्येक क्षणी बघत असतं. एकाही जोडीने खालची मर्यादा गाठली की ते सगळ्या पॅकचा हात आखडता घेतं. हात धरून चालणाऱ्या ९६ जणांपैकी एकाचा पाय मुरगळला की उरलेल्या ९५ जणांनाही थांबावं लागतं, तसंच. तुमच्या स्क्रीनवरचं कासव म्हणजे तेच थांबणं.

मी हे स्वतः बघितलंय. चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीलाही ‘पूर्ण पॅक’ असंच इस्टिमेट मिळालं होतं. मग बॅटरीचंच काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाकडे गेले. त्याने स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये काडेपेटीएवढं यंत्र खोचलं आणि टॅबलेट माझ्या मांडीवर दिला. त्यावर ९६ निळे खांब, सगळे एका उंचीचे. उभ्या गाडीत तर काहीच वावगं दिसत नव्हतं. ‘आता चढाला घ्या आणि दाबा,’ तो म्हणाला. मी ॲक्सिलरेटर दाबला. सगळे खांब किंचित खाली आले, ३.६ व्होल्टच्या आसपास थांबले. एकच खांब, एकसष्टावा, सरळ ३.१ पर्यंत बुडाला आणि लाल झाला. पाय काढला तसा तो हळूहळू वर आला. ‘हा तुमचा पेशंट,’ तो म्हणाला. बाकीच्या ९५ खांबांकडे बघत मी बराच वेळ बसून होते. ते सगळे फेकून द्यायला निघाले होते मी. एक मॉड्यूल बदललं, खर्च पॅकच्या इस्टिमेटच्या सहाव्या हिश्शात भागला, गाडी आजही चालू आहे.

तुमचंही तसंच असेल अशी खात्री मी देऊ शकत नाही. पण तुमचं दुखणं तसं दिसतंय, आणि तपासणीचा खर्च इस्टिमेटच्या मानाने नगण्य आहे. सर्व्हिस सेंटरकडे तपासणीचा छापील अहवाल मागा. दोन दिवस गाडी त्यांच्याकडे होती, म्हणजे तो असायलाच हवा. त्यात मला हव्यात त्या गोष्टी अशा: एसओएच, म्हणजे नव्या बॅटरीच्या मानाने आता क्षमता किती टक्के उरली आहे, एरर कोड कोणते, गाडी उभी असताना आणि जोर लावताना सेलांमधला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेज किती, इन्सुलेशनची, म्हणजे पॅकमधली वीज गाडीच्या धातूत गळत नाही ना याची चाचणी पास की नापास. निरोगी पॅकमध्ये उभ्या गाडीत सेलांमधला फरक सहसा मोजक्या मिलिव्होल्टांचा असतो, फार तर वीस-तीस. अहवाल देत नसतील तर गाडी दुसरीकडे दाखवा. आणि बॉनेटखालची छोटी १२ व्होल्टची बॅटरी आधी तपासायला सांगा. ती दमली की इलेक्ट्रिक गाडी नाना प्रकारच्या खोट्या सूचना दाखवते, आणि ती बदलणं अगदी स्वस्त असतं.

एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. वॉरंटीत दोन वेगळी वचनं असतात. एक दोषाचं, म्हणजे सेल किंवा सर्किट बिघडलं तर. दुसरं क्षमतेचं, म्हणजे एसओएच ठरावीक टक्क्यांच्या खाली गेलं तर, आणि हा आकडा बहुधा ७० असतो. एक सेल नादुरुस्त झाला असेल तर तो दोष आहे, तिथे ७० टक्क्यांची अट लावून कोणी तुम्हाला परत पाठवू लागलं तर ऐकू नका. क्षमतेच्या बाबतीत १७० भागिले २४० म्हणजे ७१ टक्के, असा हिशेब तुम्ही केला असेल, मीही केला. पण तो धरून चालू नका. किती किलोमीटर जाते हे वेगावर, टायरमधल्या हवेवर, एसीवर, थंडीवर ठरतं, आणि २४० हा आकडा तरी ऐकीवच. एसओएच मोजूनच काढावं लागतं. ७० हा आकडा आता आंतरराष्ट्रीय नियमातही आला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली २०२२ मध्ये झालेल्या नियमात ५ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के, आणि ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के क्षमता राहिली पाहिजे, असं आहे. तो नव्या गाड्यांसाठी आहे, तुमच्या जुन्या गाडीला लागू होणार नाही, पण वाजवी काय याचं माप म्हणून पत्रव्यवहारात जरूर लिहा.

नोंदी ठेवून काय होतं? २०१२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या कडक उष्णतेत लीफच्या मालकांच्या लक्षात आलं की डॅशबोर्डवरच्या क्षमतेच्या १२ पट्ट्यांपैकी एकेक वेळेआधीच गळतेय. त्या गाडीच्या बॅटरीला पाण्याने गार करायची सोय नव्हती. त्यांनी नुसती कुरकुर केली नाही. गाड्या एकत्र आणल्या, ठरलेल्या रस्त्यावर चालवल्या, किती गेल्या ते मोजून मांडलं. पुढे कंपनीने क्षमतेसाठी वेगळी वॉरंटी दिली, ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. तोवर क्षमता घटण्याला वॉरंटीच नव्हती. म्हणून सांगते, आजपासून एक वही करा. तारीख, निघताना टक्के, पोचल्यावर टक्के, किलोमीटर, चढ कुठे, काय झालं.

क्लेम फेटाळलाच, तर मग पैशाचा विचार. बॅटरी एवढी महाग का, असं तुम्हाला वाटलंच असेल. पॅक हा गाडीतला सगळ्यात महागडा भाग, गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा. आणि बॅटरी स्वस्त होतायत असं आपण ऐकतो तेही खरंच आहे, २०१० च्या मानाने आज प्रति किलोवॅट-अवर किंमत ९० टक्क्यांच्या आसपास उतरली आहे. पण ती उतरली लाखोंनी बनणाऱ्या नव्या पॅकची. तुमच्या जुन्या मॉडेलचा पॅक आता मोजकाच बनतो किंवा गोदामातून निघतो. त्याला तो स्वस्ताईचा वारा पुरता लागलेला नसतो. वर तो शेकडो किलोंचा, धोकादायक माल म्हणून वेगळ्या नियमांनी वाहून न्यायचा, आणि प्रशिक्षित माणसानेच बसवायचा. शिवाय बऱ्याच कंपन्या सुटा भाग विकतच नाहीत, अख्खा पॅक हाच त्यांचा स्पेअर पार्ट. तुम्हाला पूर्ण पॅकचं इस्टिमेट मिळालं त्यामागे बहुधा हेच कारण असावं. त्यांच्या यादीत दुसरं काही नसेल.

यादीबाहेर मात्र बरंच असतं. मॉड्यूल बदलणं हा तुमच्यासाठी मला सगळ्यात आशेचा मार्ग वाटतो, फक्त करणारा कोण हे महत्त्वाचं. कोरं मॉड्यूल जुन्यांच्यात घातलं तर त्यांचं जमत नाही. इतरांच्या क्षमतेशी जुळणारं, मोजून निवडलेलं हवं. ते कुठून आणलं, त्याची क्षमता किती मोजली, हे विचारा. पॅकचं झाकण परत बसवताना नवं सील लावणार का आणि पाणी शिरत नाही याची चाचणी करणार का, तेही विचारा. आत पाणी गेलं तर पुढचा खर्च आजच्यापेक्षा मोठा. कामावर किमान सहा महिन्यांची, जमल्यास वर्षाची लेखी हमी घ्या. धोका असा की एक बदललं की काही महिन्यांनी दुसरं मान टाकू शकतं. म्हणूनच ते ९६ खांब आधी बघायचे. एक-दोनच बुडत असतील तर दुरुस्ती करा. दहा-बारा बुडत असतील तर मी दुरुस्तीत पैसे घालणार नाही. काही नव्या गाड्यांत मॉड्यूल हा प्रकारच नसतो, सेल सरळ पॅकमध्ये बसवलेले किंवा चिकटवलेले असतात, तिथे हा मार्ग अवघड. आठ वर्षांपूर्वीच्या तुमच्या गाडीत तो बहुधा खुला आहे.

दुसरा मार्ग अपघातात गेलेल्या गाडीतून काढलेल्या वापरलेल्या पॅकचा. एसओएचचा अहवाल दाखवल्याशिवाय आणि तो तुमच्या गाडीच्या संगणकाशी जुळवून देण्याची जबाबदारी घेतल्याशिवाय घेऊ नका.

कुठलाही पॅक बदलला तरी जुना फुकट सोडू नका. त्याची किंमत बिलातून वजा करून मागा. गाडीला अपुरा पडणारा पॅकही वीज साठवायला चालतो. ॲमस्टरडॅमच्या योहान क्रायफ अरीना स्टेडियममध्ये २०१८ साली लीफ गाड्यांच्या नव्या आणि वापरलेल्या बॅटऱ्या मिळून ३ मेगावॅटचा वीजसाठा उभारला गेला. आणि वितळवायची वेळ आली तरी आतलं तांबं, निकेल, कोबाल्ट यांना भाव असतोच.

तुमच्या चिरंजीवांना सांगा, नवी बॅटरी म्हणजे नवी गाडी होत नाही. सस्पेन्शन, ब्रेक, चार्जर, मोटर सगळं आठ वर्षांचंच राहतं आणि विकायला गेलात तर घातलेले पैसे भावात निघणार नाहीत. कर्ज काढायचंच झालं तर आधी वहीच्या मागच्या पानावर हिशेब करा. तुम्ही महिन्याला २४-२५ दिवस जाता असं धरलं तर वर्षाचे १३,००० किलोमीटर होतात. दुरुस्तीचा खर्च भागिले गाडी अजून किती वर्षं वापरणार, त्यात वर्षाची वीज मिळवा. मग तेवढ्याच किलोमीटरसाठी दुसरी गाडी घेतल्यास हप्ता, इंधन आणि विमा किती. दोन आकडे शेजारी शेजारी मांडा. यजमानांना भंगाराचा भाव तिसऱ्या रकान्यात लिहू द्या. तेही काही चुकीचं बोलत नाहीत, पॅकचं इस्टिमेट खरं धरलं तर मीही तेच म्हटलं असतं.

पण ताई, तुमच्या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला आकडा तुम्ही अधोरेखितच केलेला नाही. ४५ किलोमीटर. तुमची गाडी १७० जाते. कमजोर जोडी दुरुस्त झाली तर म्हातारपणाने आलेली बाकीची घट तुमच्या वाटेत येतच नाही. दर वर्षी आणखी दोन-तीन टक्के गेले तरी पाच वर्षांनी ती १४० च्या पुढेमागे जात असेल, तुमच्या गरजेच्या तिप्पट. ७० टक्के ही वॉरंटीची रेघ आहे, त्या रेघेखाली गाडी मरत नाही.

तोवर गाडी जपून चालवा. चार्ज ४० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, कमजोर सेल खालच्या पातळीवरच दगा देतो. रोज ८० पर्यंत भरलीत तरी ४५ किलोमीटरला पुरून उरेल. फास्ट चार्जर काही दिवस टाळा. चढावर हळू, आणि शक्यतो मागे मोठी वाहनं असतील अशा वेळी तो रस्ता टाळा, तुमच्या त्या संध्याकाळचं वाचून माझ्याच पोटात गोळा आला. गाडीखालून उग्र गोड वास आला, फुसफुस आवाज आला किंवा धूर दिसला तर लगेच उतरा, लांब जा, अग्निशमन दलाला कळवा. ओळखीचा कोणी इलेक्ट्रिशियन ‘मी उघडून बघतो’ म्हणाला तर प्रेमाने नाही म्हणा. आत ३५०-४०० व्होल्टचा डीसी असतो आणि गाडी बंद केली तरी सेलांमधला तो तसाच राहतो. माझ्या गाडीचा पॅक उतरवला तेव्हा तो तंत्रज्ञ कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून होता आणि प्रत्येक नारिंगी केबलला हात लावण्याआधी मीटर लावत होता. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस.

ईमेल आज करा. क्लेम नंबर आला आणि छापील अहवाल हातात पडला की सेलांमधला सगळ्यात कमी व्होल्टेज आणि एसओएच मला कळवा. ते बघून मॉड्यूलचं काय करायचं ते आपण पुढच्या पत्रात ठरवू.